धुण्याच्या दगडावरची पोपटी

दुर्गाबाई मडकं घेऊन मिनीडोर रिक्षात चढल्या तेव्हा आत बसलेली माणसं न सांगता सरकून बसली. एरवी नागावच्या नाक्यावर शेअर रिक्षात शिरायचं तर कोपर लावावं लागतं. आज अर्धा बाक मोकळा झाला.

मडकं काळंकुट्ट होतं. दुर्गाबाईंनी ते जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं होतं, पण फडकं तोकडं पडून मडक्याचं पोट बाहेर आलं होतं. सकाळची वेळ, एकटी बाई, मांडीवर मडकं. समोरची बाई बराच वेळ एकदा मडक्याकडे आणि एकदा दुर्गाबाईंच्या कुंकवाकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"कोण गेलं हो?"

"अजून कोणी नाही," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मग मडकं?"

"दुकानात न्यायचंय. मापाला."

कसलं माप ते त्या बाईनं विचारलं नाही. आक्षीच्या पुलापाशी ती आणखी थोडी सरकून बसली.

मडकं भाऊंचं होतं आणि भाऊंना न विचारता आणलेलं होतं.

भाऊ म्हणजे दुर्गाबाईंचे यजमान. त्यांना सगळेच भाऊ म्हणत. पोटची मुलगी, शेजारीपाजारी, अलिबागच्या कोर्टातले वकील, आणि ज्यांच्यावर खटले चालू होते तेसुद्धा. भाऊ कोर्टात शिरस्तेदार होते. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं बोलणं काही निवृत्त झालं नाही. आमटीत मीठ कमी असलं तर ते 'हरकत' नोंदवत, आणि दुर्गाबाईंनी चिमूटभर वरून घातलं की हरकत मागे घेत. दिवसाकाठी अशा पाचसहा तरी हरकती व्हायच्या. दुर्गाबाईंना त्यांचा त्रास नव्हता. उलट एकदाच असं झालं होतं की भाऊंनी हरकत घेतली नव्हती. नारळ-सुपारीची वाडी भावांत वाटली गेली, थोरल्यांनी आपला वाटा मुंबईच्या लोकांना विकला आणि तिथं पांढरा बंगला उभा राहिला, तेव्हा. त्या वेळी भाऊ महिनाभर काहीच बोलले नव्हते. मिठाबद्दलसुद्धा नाही.

आता यांच्याकडे उरलं होतं ते घर, विहीर, चार माड आणि मागचं अंगण. आणि पौषातली पोपटी.

पौषात वालाच्या शेंगा भरल्या की या किनाऱ्याला पोपटीचे वेध लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा, कुंपणाकडेला उगवणाऱ्या वासाच्या झुडपाचा, पाला घालायचा, त्यावर ओवा आणि जाडं मीठ चोळलेल्या शेंगा, रताळी, बटाटे, कांदे रचायचे, आणि तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मग शेतात मडकं पालथं घालून भोवती झावळ्या, गवत, पाचोळा रचून पेटवून द्यायचा. लोक त्यात अंडी टाकतात, कोंबडी टाकतात. भाऊंच्या मडक्यात फक्त शेंगा आणि कंद. आत शिजलं की नाही ते उघडून बघता येत नाही. वरून पाणी शिंपडायचं. चर्र वाजून पाणी जागच्या जागी उडालं तर झाली.

हे पाणी शिंपडायचं काम भाऊंचं. त्यांचा बालमित्र सदा कोळी याच्या शेतावर पोपटी लागायची. सदाची होडी आता मुलगा चालवत होता आणि सदा वाडीमागच्या तुकड्यात वाल लावत होता. तिथं माणसं जमत, शेकोटीसारखी गोल बसत, पण भाऊ 'झाली' म्हणत नाहीत तोवर मडक्याला कोणी काठीसुद्धा लावत नसे. कोर्टात इतकी वर्षं काढली, पण तिथंही त्यांच्या शब्दाला एवढं वजन नव्हतं.

गेल्या वर्षी वारा फिरला आणि सगळा धूर भाऊंच्या अंगावर आला. बाकीचे उठले. भाऊ उठले नाहीत, कारण मडकं व्हायचं होतं. मडकं झालं, भाऊंनी तसं सांगितलं, आणि मग सदानं त्यांना उचलून गाडीत घातलं. अलिबागच्या दवाखान्यात नाकातोंडावर वाफेचा मुखवटा लावून ते आठवडाभर पडून होते. डॉक्टर म्हणाले, "यापुढं धूर बंद. उदबत्तीचासुद्धा."

त्या दिवसापासून दुर्गाबाईंनी देवघरात उदबत्ती लावली नाही. देवापुढं हात जोडून त्यांनी सांगून टाकलं, "तुला वासाची सवय आहे, मला माहीत आहे. पण थोडं चालवून घे." निरांजन तेवढं ठेवलं. देवानं चालवून घेतलं असावं. निदान त्याच्याकडून हरकत आली नाही.

उदबत्तीचं भाऊंनाही काही वाटलं नाही. पण मार्गशीर्ष संपत आला तसे ते ओटीवर येऊन कुंपणाकडे बघायला लागले. भांबुर्डा कुठं उगवलाय, याची चौकशी सुरू झाली.

"यंदा मी लांब बसेन," एके दिवशी ते म्हणाले.

"किती लांब?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"पाणी शिंपडता येईल एवढं."

दुर्गाबाई तशाच उठल्या आणि सदाकडे गेल्या. सदा वालाच्या वेलात वाकून शेंगा चाचपत होता.

"सदाभाऊ, यांना यंदा बोलावू नका."

"वैनी, मी कवा बोलावतो त्याला? धूर दिसला का येतोच तो. मांजर नाय येत मासळीच्या वासाव?"

"मग धूर करू नका."

"धूर न्हाय करीत. पंखा लावून शिजवतो शेंगा." सदा सरळ उभा राहिला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भ्या मलाबी हाय, वैनी. गेल्या साली उचलला तवा हातात वजनच लागला नव्हता त्याचा. पन मी बंद केली तर तो घरच्या घरी पेटवील. तुमच्या न्हाणीतल्या चुलीत. मंग काय कराल?"

 भाऊ तसं करण्यातले होते.

तोड मिळाली ती दगडी गडग्यापलीकडून. नाताळात पांढऱ्या बंगल्यात मालक मंडळी आली होती. दुर्गाबाई तुळशीला पाणी घालत होत्या तर पलीकडच्या गच्चीवर एक मुलगी उभ्यानं कणसं भाजत होती. कणसं चांगली काळीतांबूस झाली होती आणि धूर नव्हता. दुर्गाबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"अगं, याला धूर नाही का?"

"नाही काकू, गॅसवर आहे. प्रोपेन ग्रिल."

तो शब्द विसरू नये म्हणून दुर्गाबाई तुळशीला प्रदक्षिणा घालता घालता तोच म्हणत राहिल्या.

मग त्यांनी ठाण्याला मैथिलीला फोन केला. मैथिली म्हणजे त्यांची मुलगी. तिनं आधी विचारलं ते हे, "भाऊंना काय सांगणार आहेस?"

"पाहुण्यांसाठी आणलं म्हणेन."

"कुठले पाहुणे?"

"तू ये ना. तूच पाहुणी."

मैथिलीनं मग बजावून सांगितलं. घरात अजिबात लावायचं नाही, उघड्यावरच. वर छप्पर नको, भिंतीला चिकटून नको, जवळपास काही पेटणारं नको, सिलिंडर खाली आणि बाजूला. "आणि जागा आधी बघ, आई. तुमच्या अंगणात हत्ती मावत नाही."

दुर्गाबाईंनी जागा बघितली. एका कोपऱ्यात तुळस, तिच्या शेजारी भाजणं शक्यच नव्हतं. विहिरीकडे माड, आणि माडाखाली काही ठेवलं की त्यावर नारळ पडतोच, हा त्यांचा अनुभव होता. मधून कपड्यांची दोरी. दाराजवळ गेल्या वर्षापासून न जाळता पडून असलेल्या सरपणाचा ढीग. उरला फक्त धुण्याचा दगड. तो चांगला कंबरेएवढा उंच, सपाट, उघड्यावर, आणि त्याच्यावर आजवर काही पडलेलं नव्हतं. दुर्गाबाईंनी तो वितीनं मोजला. धुणं आठवड्यातून एखाद्या दिवशी न्हाणीत करता येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग भाऊ आंघोळीला गेल्याचं बघून मडकं उचललं.

अलिबागला स्टँडजवळच्या बाजारात कमलेशचं दुकान होतं. त्याचे आजोबा तिथं बादल्या आणि राहाटाचे दोर विकत. आता गावातले राहाट गेले, बंगले आले, म्हणून कमलेश झोपाळे, मोठ्या छत्र्या आणि ग्रिल विकत होता.

"आवो मासी, आवो. मडकं पाहिजे तर बाजूच्या गल्लीत—"

"मडकं आहे. प्रोपेन ग्रिल दाखव. धुण्याच्या दगडावर बसेल असं."

कमलेशनं मडक्याकडे बघितलं, दुर्गाबाईंकडे बघितलं आणि आत गेला. धंद्यात त्यानं बरंच बघितलं होतं.

पहिलं ग्रिल चाकांवर होतं. दोन्ही बाजूंना फळ्या, खाली कपाट. "बंगलेवाले हेच नेतात, मासी."

"यात मी राहू शकेन," दुर्गाबाई म्हणाल्या. "दुसरं."

दुसरं काळं होतं, पाय दुमडून पेटीसारखं बंद होणारं. दुर्गाबाईंनी फडकं सोडलं, मडकं जाळीवर पालथं ठेवलं आणि झाकण लावायला गेल्या. झाकण मडक्यावर टोपीसारखं बसलं. मग त्यांनी त्या काळ्या रंगावर नख ओढून बघितलं.

"खाऱ्या वाऱ्यात किती पावसाळे काढेल?"

कमलेशनं आवाज खाली आणला. "खरं सांगू? एकपण नाही."

तिसरं स्टीलचं निघालं. आखूड पाय, दोन बर्नर, दोन बटणं, वर फुगीर झाकण. दुर्गाबाईंनी आधी ते स्वतः उचलून बघितलं, कारण उचलायचं त्यांनाच होतं. उचललं गेलं. मग वितीनं मोजलं. दगडावर बसून कडेला कोपरभर जागा उरत होती. मग मडकं. उभं मावेना. पालथं मावेना. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत उभी राहिली. त्यांतल्या एकानं मडक्याची मान कापायचं सुचवलं. दुर्गाबाईंनी मडकं पदराआड घेतलं.

"मासी, आडवं झोपवा ना त्याला," कमलेश म्हणाला.

मडकं आडवं झोपवलं. झाकण बसलं.

"बस! झाकण लावा, बटण फिरवा, विसरून जा. दोन्ही बाजूनं सारखी आंच. मध्ये बघायचं पण काम नाही."

"आणि हे प्रोपेन कुठं मिळतं?"

"ते फॉरेनमध्ये, मासी. हे आपल्याच गॅसवर चालतं, तसंच बनवलेलं आहे. छोटा सिलिंडर घ्या. नळी जोडली की आधी साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडे आले तर पेटवायचं नाही. आणि पेटवताना झाकण उघडं पाहिजे. हे दोन लक्षात ठेवा." मग त्यानं सहज विचारलं, "काय भाजणार? पनीर?"

"पोपटी."

कमलेश जन्मापासून अलिबागचा. त्यानं हातातलं पावतीपुस्तक खाली ठेवलं.

"गॅसवर?"

"हो."

"भाऊंना विचारलंय?"

"नाही."

"मग बिल तुमच्या नावानं करतो," कमलेश म्हणाला.

घरी भाऊ ओटीवर उभेच होते.

"मडकं हजर करा."

दुर्गाबाईंनी मडकं हजर केलं. भाऊंनी ते हातात घेऊन काठ फिरवून बघितला, चीर नाही याची खात्री केली, आणि मग खोक्याकडे वळले. दुर्गाबाईंनी पाहुण्यांचं ठरवलेलं काही सांगितलं नाही. खोटं बोलायला त्या घरी येईपर्यंत विसरल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, की यंदा पोपटी अंगणात, गॅसवर, धुराशिवाय.

"गॅसवरच लावायची तर कुकरात लाव," भाऊ म्हणाले. "शिट्ट्या मी मोजीन."

"मडकं बसतं त्यात. आडवं."

"पोपटीचं मडकं पालथं असतं. झोपत नाही ते."

"झोपलं तरी शिजतं. कमलेश म्हणाला, झाकण लावा आणि विसरून जा. बघायचंही काम नाही."

हे सांगताना दुर्गाबाईंना बरं वाटत होतं. भाऊ खोक्यावरच्या चित्राकडे बघत होते. चित्रात एक गोरा माणूस चिमटा घेऊन हसत उभा होता.

"मग मी कशाला?" भाऊ म्हणाले.

एवढं बोलून ते आत जाऊन आरामखुर्चीत बसले. खुर्ची त्यांनी खिडकीकडून भिंतीकडे वळवून घेतली.

त्या दिवशी आमटीत मीठ खरंच कमी होतं. दुर्गाबाईंना पहिल्या घासालाच कळलं. भाऊ जेवले, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उठले. हरकत आली नाही. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी आमटीत मीठ घातलंच नाही. तरी नाही.  संध्याकाळी निरांजन लावताना त्यांनी देवाला म्हटलं, "धूर नको म्हणून मी केलं. आता हे काय करून बसले?" देवाकडूनही हरकत आली नाही. 

शाकंभरी पौर्णिमेला सदानं शेंगा आणि भांबुर्डा पोचवला, आपल्या शेतावर आजच लागणार आहे असंही सांगितलं, आणि भाऊंच्या पाठीकडे बघून न बसताच निघून गेला.

दिवस कलायला लागला तेव्हा दुर्गाबाईंनी मडकं भरलं. धुण्याचा दगड घासूनपुसून ठेवला होता. त्यावर ग्रिल मांडलं, सिलिंडर खाली बाजूला ठेवला, नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे नाहीत ते बघितलं, झाकण उघडं ठेवून पेटवलं. दोन्ही बर्नर निळे, एकसारखे. कमलेशनं सांगितलेलं सगळं त्यांनी केलं.

जे त्यानं सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते सुचणंच शक्य नव्हतं, तेही त्यांनी केलं. घरात नवी चूल आली की तिच्यावर पहिल्यांदा दूध उतू घालायचं. स्टोव्ह आला तेव्हा घातलं होतं, गॅस आला तेव्हा घातलं होतं. त्यांनी ग्रिलला हळदकुंकू वाहिलं, जाळीवर छोटं पातेलं ठेवलं आणि हात जोडून उभ्या राहिल्या. दूध वर आलं, काठाशी थबकलं, आणि पूर्वेकडून उतू गेलं.

पूर्वेकडून जाणं फारच शुभ. दुर्गाबाईंनी डोळे मिटले. पूर्वेला डावा बर्नर होता.

फुस्स असा आवाज झाला. डोळे उघडून बघतात तो डाव्या बाजूची ज्योत आधी पिवळी झाली, मग दोन भोकांतून तेवढी लुकलुकली, मग गेली. दुर्गाबाईंनी घाईघाईनं बटण बंद केलं, जाळी उचलली, फडक्यानं पुसलं. थोड्या वेळानं पुन्हा पेटवून बघितलं. दुधानं सगळी भोकं बुजली होती आणि साय करपल्याचा वास अंगणभर झाला होता. उजवा बर्नर मात्र आपला शांतपणे जळत होता.

एवढ्यात सुपारीच्या झाडांपलीकडे धुराची रेघ वर चढली. सदानं पेटवलं होतं.

मागच्या दारातून भाऊ बाहेर आले. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर, एका हातात काठी. सदाच्या शेताकडे जायची पायवाट धुण्याच्या दगडावरून, विहिरीकडून जाते. दुसरी वाट नाही.

"चाललात?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"पाय मोकळे करायला."

"मफलर?"

"थंडी आहे."

"आणि तांब्या?"

भाऊंच्या दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, जणू कोणीतरी मधल्या वाटेत हातात दिला असावा.

दुर्गाबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. गेल्या वर्षीच्या त्या आठवड्याचं, दवाखान्याच्या बाकाचं, तिथं बसून केलेल्या जपाचं.  धूर अजून सरळ वर चढत होता, पण वारा शेताकडून इकडे यायला लागला होता.

"जायचं तर जा," त्या म्हणाल्या. "पण एकदा हे बघा. डावं पेटत नाही."

भाऊ थांबले. मान लांब करून त्यांनी दगडावर नजर टाकली.

"काय सांडलं?"

"सांडलं नाही. उतू घातलं. दूध."

"यावर?"

"नवी चूल आहे."

"ही चूल नाही."

"मग काय आहे? अन्न शिजायचंय ना तिच्यावर?"

 भाऊंनी काठी विहिरीच्या कठड्याला टेकवली आणि जवळ आले. वाकून एक डोळा मिटून त्यांनी बर्नरच्या भोकांत बघितलं. नखानं साय खरवडली.

"हरकत आहे," ते म्हणाले.

दुर्गाबाईंनी पदरानं डोळ्यांच्या कडा पुसल्या. करपलेल्या सायीचा वास तसा तिखट असतोच.

"एका बाजूनंच आंच आहे," भाऊ पुढं म्हणाले. "असं ठेवलंस तर उजवीकडचा कोळसा होईल आणि डावीकडचं कच्चं. कमलेशला काय जातंय, विसरून जा म्हणायला. हे मडकं सारखं फिरवत बसायला पाहिजे कोणीतरी."

दुर्गाबाईंनी अंगणात इकडेतिकडे बघितलं. तुळस होती, विहीर होती.

"कोण बसणार?" त्या म्हणाल्या. "मला तर दिवाबत्ती करायचीय."

भाऊंनी सुपारीपलीकडच्या धुराकडे बघितलं. मग मडक्याकडे बघितलं. मग तांब्या दगडावर ठेवला आणि कानटोपी काढून खिशात कोंबली.

"उंच स्टूल आण. आणि दोन फडकी, ओली. चांगली पिळून."

त्यानंतर जे चाललं ते कमलेशनं बघितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. भाऊ झाकण लावत आणि लगेच उघडत. ओल्या फडक्यांत धरून मडक्याचं तोंड उजवीकडे करत, बूड उजवीकडे करत, मग कुशीवर वळवत. तापल्या मडक्याला कान लावायला जाऊन एकदा त्यांनी कान चोळला. पहिल्यांदा पाणी शिंपडलं ते तांब्यानंच, तर निम्मं बर्नरवर गेलं आणि उजवी ज्योतही डळमळली. मग ते बोटांनी शिंपडायला लागले. ग्रिलबद्दल त्यांच्या हरकती चालूच होत्या. झाकणाचा कान चुकीच्या जागी आहे. पाय आखूड आहेत. चित्रातला तो माणूस हसतोय, त्याला एवढं हसण्यासारखं काय आहे. दुर्गाबाईंनी तुळशीपुढं दिवा लावला, शुभंकरोती म्हटलं आणि एक एक हरकत कान देऊन ऐकली.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"घाई करू नकोस. डावी कूस राहिलीय."

अंधारून आलं तसा मागच्या पायवाटेवर बॅटरीचा उजेड हलला. सदा आला. त्याच्या हातात केळीच्या पानाचं गरम पुडकं होतं आणि अंगाला धुराचा वास होता, म्हणून तो आपणहून विहिरीपलीकडेच थांबला.

"आला न्हाय म्हनून बघाया आलो. म्हटला, मेला का काय."

"अजून नाही," भाऊ म्हणाले. "बाजूला हो, वारा अडतोय. नाही, तिथंच बस. तुझा वास येतोय."

"माझा मडका झाला का न्हाय त्ये कोन सांगनार? सगली एकमेकांची तोंडा बघत बसली. मंग पोरांनी पानी मारला, कोन म्हनतो झाला, कोन म्हनतो न्हाय. अर्धा करपला, भाऊ."

"किती शिंपडलं?"

"बादली."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. मग बोटं तांब्यात बुडवून मडक्यावर झटकली. चर्र वाजलं आणि थेंब जागच्या जागी उडाला. कुशीवर वळवून त्यांनी पुन्हा झटकलं. पुन्हा चर्र.

"झाली," भाऊ म्हणाले.

परातीत मडकं रिकामं केलं तेव्हा भांबुर्ड्याचा वास उठला. दुर्गाबाईंनी आधी चार शेंगा बाजूला काढून देवापुढं नेऊन ठेवल्या, मग सगळ्यांना वाढलं. सदानं विहिरीपलीकडे बसून शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिला.

"धुराचा वास न्हाय हिला."

"नाही," भाऊ म्हणाले.

"आनि यो दाना जरा कच्चा हाय."

"ती बाजू तुझ्यासाठीच ठेवली होती."

सदानं आपलं पुडकं सोडून त्यातल्या करपलेल्या शेंगा परातीत ओतल्या. "घे. धूर पायजे तर यो खा. खाल्लेला चालतो ना, वैनी? का त्येबी डॉक्टरला इचारू?"

डॉक्टर खाण्याबद्दल काही बोलले नव्हते. भाऊंनी एक काळी शेंग उचलली, उघडली, वास घेतला आणि हळूहळू खाल्ली. दुर्गाबाई त्यांच्या छातीकडे बघत होत्या. ती नेहमीसारखी खालीवर होत होती.

आठवड्याभरात कमलेशचा फोन आला. विकलेल्या मालाची चौकशी करायची त्याच्या आजोबांपासूनची पद्धत होती.

"मासी, कसं चाललंय? भाऊ काय म्हणतात?"

"पुष्कळ म्हणतात," दुर्गाबाई म्हणाल्या. "डावा बर्नर बंद आहे फक्त. दूध गेलं त्यात."

"दूध?" कमलेश म्हणाला. "ठीक आहे. काही नाही, मासी, पाच मिनिटांचं काम. भोकं सुईनं साफ करायची. मी उद्या माणूस पाठवतो."

सुई तर घरातही होती. पोपटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई ती घेऊन धुण्याच्या दगडापर्यंत गेल्याही होत्या. थोडा वेळ तिथं उभं राहून त्यांनी ती परत डब्यात ठेवली होती.

मागच्या अंगणातून भाऊंचा आवाज आला. आज रताळी लावली होती, आणि फडकी नीट पिळलेली नव्हती.

"माणूस नको पाठवू, कमलेश," दुर्गाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे आहे." आणि फोन ठेवून त्या फडकी पिळायला गेल्या.